कॅसेटवरचे गावंडे सर

"पोरगी लिहिते चांगली वं, पण भेते कोणाले ते समजून नाही राहिलं मले."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आमच्या बैठकीतल्या टेप-रेकॉर्डरमधून ते आलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते, आई मेथी निवडत होती आणि मी वही उघडून बसले होते, कारण माझ्या निबंधाबद्दल सरांनी जे सांगितलं ते उतरवून घ्यायचं होतं. सरांचं सांगणं संपलं होतं. 'बरं, झालं' असं म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं, पण भलतंच. मग कपबशीचा आवाज आला आणि पाठोपाठ हे वाक्य. त्यावर एका बाईंचा आवाज म्हणाला, "तुम्हालेच भेत असंन. दुसरं कोण हाय तिथं?"

"मले काहून भेईन? मी काय वाघ हाय?"

"चहा घ्या तुम्ही. थंडा होऊन राहिला."

बाबांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, "पुन्हा लाव जरा ते." मी लावलं नाही. पण त्या दिवसापासून सरांची कॅसेट घरी आली की बाबा पेपर आधीच घडी घालून ठेवायचे.

गावंडे सर आम्हाला एम.ए.ला इतिहास शिकवायचे. त्या वर्षी आम्ही वर्गात आठ जण होतो. मी कॉन्व्हेंटमधून आलेली, मराठी घरापुरती बोलणारी आणि घराबाहेर कुठलीच भाषा फारशी न बोलणारी. हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हटलं की माझं कॉलेजातलं दिवसाचं बोलणं संपायचं. सर बुटके, काळेसावळे, कायम पांढऱ्या बुशशर्टात. वर्गात ते इंग्रजीतून शिकवायचे. इंग्रजी ते इस्त्रीच्या कपड्यांसारखी वापरायचे, कामापुरती आणि सुरकुती पडू न देता. तास संपल्याची घंटा झाली की हातातला खडू ठेवताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा, शूज काढल्यावर माणसाचा होतो तसा.

कॅसेटचा प्रकार सुरू झाला तो सरांच्या पडण्यामुळे. आम्ही एम.ए.ला आलो त्याच महिन्यात शहरातल्या बर्डीच्या चढावर ते सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आमचे निबंध टेबलावर साचत गेले. मस्कतला असलेल्या पुतण्याने एक टेप-रेकॉर्डर पाठवला होता, पण तो काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा होता, त्यांच्या भजनी मंडळासाठी. सरांनी तो डाव्या हाताने स्वतःकडे ओढला, कॅसेट घातली आणि निबंध वाचता वाचता बोलायला सुरुवात केली. सुरुवातीच्या कॅसेटी काकूंच्याच होत्या. त्यामुळे 'तिसऱ्या पानावर तारीख चुकली तुही' एवढं सांगून सर थांबले की पुढे चौदा बायका टाळांसकट मध्येच कुठून तरी सुरू व्हायच्या. दुसऱ्या निबंधापासून काकूंनी हुकूम काढला की ज्याने त्याने आपली कॅसेट आणावी.

प्लास्टर निघालं तरी सरांनी पेन हातात घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "लाल पेन हातात आला का मी मास्तर नाही राहत, तहसीलदार होतो."

हे खरं असावं. आमच्या पुढच्या वर्गातल्या मुलांनी सरांनी तपासलेल्या जुन्या वह्या आम्हाला दाखवल्या होत्या. त्यांत दोनच प्रकारचे शेरे होते, 'पाहा' आणि 'पुन्हा पाहा'. काय पाहायचं ते कुणालाही कधी कळलं नव्हतं. तोच माणूस कॅसेटवर अर्धा अर्धा तास बोलायचा. आधी त्या दिवशीचं ऊन, मग जेवणात काय होतं ते, मग 'हां, आता तुह्याकडे येतो.' आमचे निबंध इंग्रजीतून असायचे आणि सरांचं बोलणं अस्सल गावाकडचं. ते मूळचे भिवापूरचे. सुट्टी लागली की शेतावर जायचे आणि टेप सोबत न्यायचे. माझ्या एका निबंधावरचं सगळं बोलणं त्यांनी अंगणात मिरच्या वाळत असताना केलं होतं. त्यात महसूल पद्धतीवरचे चार मुद्दे होते आणि अकरा शिंका. प्रत्येक शिंकेनंतर सर मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचे, त्यामुळे तो निबंध मला आजही तोंडपाठ आहे.

सगळ्यात वाईट असायचं ते आमचं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचणं. 'थांब, पान उलटू दे' म्हणायचे, मग माझंच एखादं लांबलचक इंग्रजी वाक्य शांतपणे शेवटपर्यंत वाचायचे आणि गप्प राहायचे. त्या दहा सेकंदांत त्या वाक्याचं काय चुकलं ते मला कळायचं. लाल पेनाने अधोरेखित केलेलं वाक्य मी कधी दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं. सरांच्या आवाजातलं आपलं वाक्य ऐकून मात्र कान गरम व्हायचे.

काकूंचं मत वेगळं असायचं आणि त्या ते राखून ठेवत नसत. "किती बोलता तिले, पयलंच वर्ष हाय तिचं," असं मागून ऐकू यायचं. सर म्हणायचे, "तू निबंध वाचला का?" त्यावर काकू, "वाचायची काय गरज हाय, तुमचा आवाज ऐकला न."

माझ्याबद्दल सरांची एकच तक्रार होती, ती ते दर वेळी नव्याने करायचे. मी निबंधात अमका काय म्हणतो, तमका काय म्हणतो ते नीट लिहायची. सर मोजायचे. "सात जण बोलून गेले तुह्या निबंधात. सातही शिकलेले, चांगल्या घरचे. मले सांग, तू कुठं होतीस? चहा करत होतीस का त्यांच्यासाठी?" हे ऐकून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही, कारण उत्तर 'हो' होतं.

उत्तर द्यायची सोय होती. कॅसेटची एक बाजू सरांची, दुसरी आमची. 'तुले पटलं नाही तं सांगजो, भांडजो, दुसरी बाजू तुहीच हाय.' सगळे काही ना काही बोलायचे. मी दार लावून बसायची, लाल बटण दाबायची, आणि टेप फिरत राहायची. अर्धा तास बसून मी ती तशीच परत करायची. मला वाटायचं, सर सुरुवात ऐकून सोडून देत असतील. पुढच्या कॅसेटवर सर म्हणाले, "तुही बाजू ऐकली पूर्ण. पंख्याले तेल द्या बाप्पा तुमच्या घरी." बाबांनी त्याच दिवशी स्टूल घेतलं. त्याच्या पुढच्या कॅसेटवर सर म्हणाले, "तेल दिलेलं दिसते. आता तू राहिलीस."

एवढं सगळं मला आवडत होतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना तर नाहीच.

आमच्या वर्गात सुधाकर आगलावे म्हणून एक मुलगा होता, कळमेश्वरचा. रोज एस.टी.ने ये-जा करायचा. त्याच्याकडे टेप-रेकॉर्डर नव्हता, म्हणून तो कॉलेजच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर आपली कॅसेट लावायचा. ठेला बबनभाऊंचा. तिथे दिवसभर सिनेमाची गाणी चालायची, आणि महिन्यातून एकदा गाणी बंद होऊन गावंडे सर सुरू व्हायचे. भोसल्यांच्या काळातल्या जमीन महसुलावर सुधाकरने काय काय चुकीचं लिहिलं आहे ते सायकल रिक्षावाल्यांपासून सगळा चौक ऐकायचा. सुधाकर दुसऱ्या दिवशी आला की बबनभाऊ चुना लावता लावता म्हणायचे, "काय गा, त्या दुसऱ्या मुद्द्याले पुरावा सापडला का? सर तं लय नाराज होते." एका रिक्षावाल्याने एकदा सरांनाच थांबवून विचारलं होतं की पुढे त्या पाटलाचं काय झालं. सरांनी सायकल स्टँडला लावून त्याला पाऊण तास सांगितलं आणि आमचा तास बुडाला.

सुधाकरचा एक दोष होता. तो पुस्तकातून उतरवायचा. सरांना ते पहिल्या पानावरच कळायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सुधाकरच्या काकांनी घरी नवा टेप-रेकॉर्डर घेतला. त्याच आठवड्यात सुधाकरसाठी मुलीकडची मंडळी कळमेश्वरला आली. पोहे झाले, चहा झाला, बोलायला फार काही उरलं नाही. काकांनी विचार केला की पाहुण्यांना टेप दाखवावा. घरात कॅसेट एकच होती, सुधाकरच्या पिशवीतली. काकांनी ती घातली, आवाज पूर्ण वाढवला आणि पाहुण्यांसमोर हात बांधून उभे राहिले.

गावंडे सर म्हणाले, "सुधाकर, हे तू लिहिलं नाही गा, उतरवलं. मागच्या खेपीही उतरवलं होतं. उतरवतानाही पान गाळलं. माणसानं चोरी करावं तं नीट तरी करावं."

काकांना बंद करायचं बटण सापडेना. सर पुढे सात-आठ मिनिटं बोलले. मागून गावंडे काकूही बोलल्या, की मुलगा गरीब आहे, पण डोकं चालवत नाही. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "हे कोण?" त्यावर सुधाकरने खरं ते सांगितलं, की हे माझे सर. मंडळी गेली आणि निरोप आला नाही. सुधाकरने आम्हाला हे सगळं स्वतः सांगितलं आणि म्हणाला, "मले तं सुटल्यासारखं वाटून राहिलं. पण काका ऐकत नाही."

काका ऐकले नाहीत. ते कोट घालून कॉलेजात आले आणि त्यांनी लेखी तक्रार दिली.

आमचे प्राचार्य सज्जन गृहस्थ होते, पण कागदाला घाबरायचे. त्यांनी आम्हा आठ जणांना, सरांना आणि काकांना आपल्या खोलीत बसवलं. तक्रार वाचून झाल्यावर सरांना म्हणाले, "गावंडे, तुम्ही चांगलं शिकवता हो. पण उद्या कुणी तपासायला आलं तर मी काय दाखवू? आवाजाची फाइल कशी लावायची?"

सर म्हणाले, "फाइल कशाले लावता? ऐका न."

"शेरा लेखी असतो, गावंडे."

"लेखी शेऱ्यात मी दोन शब्द लिहितो सर. बोलताना मले त्या पोरांचं सगळं वाचा लागते."

काका म्हणाले, "आमची इज्जत गेली चार लोकांत." सुधाकर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आपल्या चपलांकडे पाहत बसला होता.

मग प्राचार्यांनी आमच्याकडे पाहिलं. "विद्यार्थ्यांना काही सांगायचं असेल तर सांगा. हे टेप चालू राहावेत असं कुणाला वाटतं?"

मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. सरांच्या कॅसेटमुळे मी प्रत्येक निबंध दुसऱ्यांदा लिहिते, याआधी कधीच लिहिला नव्हता, एवढंच. घरून निघताना ते मी मराठीत बसवलं होतं, बसमध्ये इंग्रजीत केलं, फाटकाशी पुन्हा मराठीत. प्राचार्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, त्यात एक निळं फूल होतं. त्या फुलाच्या पाकळ्या मी मोजल्या. सर आमच्या आठही चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले. आठांपैकी कुणीच बोललं नाही. वाक्य तयार असलेली बहुधा मी एकटीच होते.

सरांच्या बाजूने बोलायला आले ते फक्त बबनभाऊ, आणि त्यांना चौकीदाराने फाटकातच अडवलं. बाहेर पडलो तेव्हा ते त्याला समजावत होते, "अगा, मी काय मारामारी कराले नाही आलो. साहेबाले एवढंच सांग, मधातच बंद करू नका म्हणा. इंग्रज आत्ताच कुठं आले होते."

आदेश निघाला. सोमवारपासून शेरा लेखी, छापील नोंदवहीत, सहीसकट. सर म्हणाले, "लेखी तं लेखी." आणि वर्गात गेले.

बंदीच्या आधी मला मिळालेल्या शेवटच्या कॅसेटवर सर म्हणाले होते, "पुढच्या निबंधात मले ते सात जण नको. तू पाहिजेस." पुढचा निबंध वऱ्हाडातल्या रेल्वेवर आणि कापसावर होता. पुस्तकात सगळीकडे लिहिलेलं होतं की रेल्वे आली आणि भरभराट झाली. मी तीन आठवडे ग्रंथालयात बसून जुने अहवाल वाचले आणि मला वेगळं दिसलं. भरभराट झाली होती, पण ती स्टेशनात उतरून फार लांब चालत गेली नव्हती. त्या निबंधात मी आयुष्यात पहिल्यांदा 'आय थिंक' असं लिहिलं. तीनदा लिहिलं, एक खोडलं, दोन ठेवली. लिहिताना प्रत्येक वाक्य मला सरांच्या आवाजात ऐकू येत होतं आणि त्यांच्या गप्प राहण्यातही ते टिकेल असं वाटत होतं. सर एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. हा त्यांच्याकडे द्यायचा शेवटचा निबंध होता. त्यांना तो कसा वाटला ते मला कळायलाच हवं होतं. इतकं मला कशाचंच कधी वाटलं नव्हतं.

नोंदवही विभागात टेबलावर ठेवलेली असायची. अनुक्रमांक, नाव, विषय, शेरा, सही. शेऱ्याचा रकाना अंगठ्याएवढा. पहिल्या ओळीत आगलावे सुधाकर, त्यापुढे सरांच्या अक्षरात 'ठीक'. खाली सातही ओळींत, माझ्याही, 'वरीलप्रमाणे' या अर्थाची दोन टिंबं. माझ्या वाट्याला स्वतःचं 'ठीक'सुद्धा आलं नव्हतं. मला सुधाकरचंच मिळालं होतं, आणि सुधाकरने पुन्हा उतरवलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, जरा आश्चर्याने. "सर काहीच नाही बोलले वं," तो म्हणाला. त्यालाही ते बरं वाटलेलं दिसलं नाही.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. सर निवृत्तीनंतर भिवापूरला राहायला गेले आणि पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, नोंदवही पाहून मी सरळ त्यांच्या घरी गेले तेव्हा. ते बेसा रस्त्याला राहायचे, जिथे तेव्हा शहर संपून तुरीची शेतं लागायची. शेवटच्या स्टॉपपासून बरंच चालावं लागलं. वाटेत मी दोनदा परत फिरले.

ओसरीवर सर आणि काकू पलंगाला नवी नवार बसवत होते. सर जमिनीवर बसून, एक पाय पलंगाच्या पाटीला टेकवून, दोन्ही हातांनी पट्टा ओढत होते. घामाने बुशशर्ट पाठीला चिकटला होता. मला पाहून काकू म्हणाल्या, "ये वं बाई, बरी आली. हे टोक धर जरा, माझे हात गेले." मी टोक धरलं. मी कोण ते त्यांनी विचारलं नाही. आवाजावरून ओळखण्याजोगं मी त्यांना काही दिलंच नव्हतं, पण बहुतेक गप्प राहण्यावरून त्यांनी ओळखलं.

"पंख्यावाली न ही?" त्या सरांना म्हणाल्या.

"हां," सर म्हणाले. "काहून आलीस वं? शेरा पाहिला?"

मी मान हलवली.

"मंग? लेखी दिला. सहीसुद्धा केली. प्राचार्य खूश हायेत."

"रागावले हायेत हे," काकू मला म्हणाल्या. "दीड महिना झाला, फुगून बसले. मीच म्हटलं, तुमच्या टेपावर बंदी हाय, तोंडावर तं नाही न. पोरांले बोलावून सांगा. तं म्हणते, कोणाले पाहिजे असतं तं त्या दिवशी बोलले नसते का?"

सरांनी पट्टा एकदा जोरात ओढला. माझ्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. काकू आत चहा ठेवायला गेल्या. ओसरीवर आम्ही दोघंच, मध्ये ती ताणलेली नवार. सोडली असती तर सर मागे पडले असते, म्हणून मला हलताही येत नव्हतं.

"बरं, तुले शेरा नाही पटला," सर म्हणाले. माझ्याकडे न पाहता, पट्ट्याकडे पाहत. "तूच सांग मंग. वाचला असशीन तू निबंध. कसा झाला?"

ते थांबले. पट्टा तसाच धरून, पाय टेकवून, लाल झालेल्या तोंडाने थांबून राहिले. पलीकडच्या शेतात कुणीतरी बैल हाकत होतं. सरांना घाई नव्हती.

मी नवार दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाले, "सर, सुधाकरचा ठीक असेल. माझा चांगला आहे."